पाण्याच्या साहेबाचे दिवस

एका साहेबाच्या हाताखाली दोन वर्षं काढली की घरी रोज काहीतरी सांगण्यासारखं साठत जातं. माझा साहेब जर्मन. इंग्रज सरकारने त्याला ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या विहिरींतले जंतू शोधायला नेमलं होतं आणि मी त्याचा दुभाष्या कारकून. त्याचं काम चालू तोवर माझी नोकरी चालू! त्यामुळे जंतूंवर माझा फार जीव.

*

कल्याणात साहेब घरोघर जाऊन विहिरीचं पाणी मागायचा. चार दिवसांनी मला म्हणतो, "इथल्या सगळ्या विहिरींना सुगंध आहे. रिपोर्टात लिहितो!"

मला शंका आली. एका घरी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अहो, सरकारी माणूस दारात आलेला. त्याला गढूळ पाणी द्यायचं? दुहेरी फडक्यातून गाळलं, वाळा टाकला, मग दिलं."

सगळ्या आळीने तेच केलं होतं! साहेबाने रिपोर्ट फाडला. पुढे आम्ही स्वतःच पोहरा टाकायला लागलो.

*

ठाकुर्लीच्या पाटलांना साहेबाने सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब दाखवला. पाटील बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हे वळवळतंय ते आधीपासून होतं, का तुम्ही सोडलंत?"

"आधीपासून," मी म्हणालो.

पाटलांचा जीव भांड्यात पडला. "मग हरकत नाही. आमचेच आहेत!"

*

कल्याणचे एक पेन्शनर मास्तर मात्र साहेबावर भारी चिडलेले. एकदा रस्त्यातच अडवून म्हणाले, "आमच्या लोकांच्या करातून हा परका माणूस कशाला पोसायचा? विचारा त्याला!"

मी घाबरतच विचारलं. साहेब गंभीर झाला. "माझे वडीलही चिडलेत. पत्रात लिहितात, परक्यांचं पाणी तपासायला शिकवलं का तुला?"

मास्तरांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार कळवा."

*

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुंबईहून एक बडा इंग्रज अधिकारी आला. साहेबाची मुदत वाढवायची की काम बंद करायचं, ते तो ठरवणार होता. मला आदल्या दिवसापासून अन्न गोड लागेना. घरात सहा तोंडं!

कोपरीच्या विहिरीवर उभं राहून त्याने साहेबाला विचारलं, "या संशोधनाचा उपयोग काय?"

साहेब म्हणाला, "अजून माहीत नाही. माहीत असतं तर शोधत कशाला बसलो असतो?"

झालं!

अधिकारी लाल झाला. विहिरीवर बायो नावाची एक म्हातारी पाणी शेंदत होती. तिच्याकडे बोट दाखवून तो मला इंग्रजीत म्हणाला, "हिला विचारा, या माणसाचा हिला काय उपयोग?"

मी विचारलं. बायोने कळशी खाली ठेवली आणि अधिकाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याचा ऱ्हाव दे. यो पानी तरी बगतं. तुजा काय उपेग, ते सांग पयलं!"

मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, सरकारचे फार उपकार आहेत."

अधिकाऱ्याने खिशातून पेन्सिल काढली, कागदावर 'आणखी तीन वर्षं' असं लिहून खाली सही केली आणि स्वच्छ मराठीत मला म्हणाला, "बाईंना सांगा, वीस वर्षं झाली, मीही तेच शोधतोय!"