जमा करण्याआधी वाचलेला निरोप

आई लासूरला वारली, तेव्हा मी दहा दिवसांच्या ध्यान शिबिरात होतो. ‘फोन जमा केला होता, कळलंच नाही,’ असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं तर फोन जमा करण्याआधीच बहिणीचा निरोप मी वाचला होता : ‘दादा, माय तुझी वाट बघतीय.’ जुना साधक म्हणून मिळालेली पहिल्या रांगेतली जागा मला सोडवली नाही.

त्यानंतर विहारात रोज पंचशील म्हटलं, खोटं न बोलण्याचं शीलही. मन कधी स्थिर झालं नाही. आईचे शेवटचे शब्द ऐकायची फार ओढ होती, पण खरं सांगितल्याशिवाय विचारणार कसं?

काल बहिणीला सगळं सांगितलं.

‘मला ठाऊक व्हतं, दादा. निरोप वाचल्याची खूण दिसली व्हती.’

‘माय काय म्हणली?’

‘त्याला उठवू नका म्हणली, ध्यानाला बसला असंल.’