मामांचा वटवाघळावरचा संशय

आमचे मामा प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. मामी चहा देताना हसली, तर ते आधी कपात डोकावून बघतात, इतका त्यांचा संशयी स्वभाव.

तिथल्या संशोधक बाईंनी वर्षभर एका वटवाघळावर प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत ते दांडीला लटकून आवाज काढायचं आणि समोरून मोटरीनं ओढलेल्या दोऱ्यावर अळी सरकायची. अळी पुठ्ठ्याआड गेली, तरी त्याचं डोकं तिच्या वाटेनं पुढे वळत राहायचं. प्रतिध्वनीवरून ते अळीचा वेग ओळखतं, असं बाईंचं म्हणणं.

"बाई, हे लबाड आहे," मामा एक दिवस म्हणाले. "ते मोटरीचा आवाज ऐकून वळतंय."

बाईंचा चेहरा उतरला. तसं निघालं तर अख्खं वर्ष पाण्यात! "लावा अळीशिवाय मोटर," त्या म्हणाल्या.

मोटर दहा वेळा घरघरली. अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर वटवाघळाचं डोकं तसूभरही हललं नाही. मग मामांनी अळी अडकवली आणि ते लगेच वळलं.

"पटलं का, काका?" बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"पटलं," मामा नाइलाजानं म्हणाले.

घरी आल्यावर मात्र ते मामीला हळूच म्हणाले, "बाईंचं खरं निघालं गं. पण अळी अडकवताना ते वटवाघूळ माझ्याकडे तोंड करून ओरडत होतं. माझा वेग मोजत असणार."

"मोजू दे की," मामी म्हणाली. "कोपऱ्यावरून दूध आणायला तुम्हाला तास लागतो. कुणीतरी मोजायलाच हवं होतं."