दुसरा ब्रेक

घडीमावशीला टापटिपीचं वेड होतं असं म्हटलं, तर ते फारच मवाळ झालं. अहो, वेड कसलं, रोगच तो. बत्तीस वर्षं तिने इस्पितळाचं कपडेघर सांभाळलं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळ्यांच्या घड्या एका मापाच्या. रोज सकाळी छापील यादी घ्यायची आणि एकेका चौकटीत बरोबरची खूण करत सुटायचं. रिकामी चौकट दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची. मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिच्या दारात पाय पुसून आत येत. घडीमावशी हे नाव तिथलंच. निवृत्त झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. अर्ध्या गावाला त्याने गाडी शिकवली, आणि ती आवाजावर शिकवली. "ब्रेक!" म्हणून तो ओरडला की शेजारच्या गल्लीतल्या सायकलीसुद्धा थांबायच्या. शिकवायच्या गाडीत मास्तराच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मावशीला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तो तिला शिकवत होता, तेव्हा सहा महिने ती प्रत्येक चौकात अशी झोकात थांबायची की तिचं तिलाच कौतुक वाटायचं. लायसन्स हातात पडल्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, "अगं, निम्म्या वेळा मीच थांबवत होतो." मावशीने तीन दिवस अबोला धरला होता. पुढे कुणाच्याही गाडीत बसला की मास्तराचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. ती सवय काही सुटली नाही.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनी एक प्रोग्राम दिला. ऑपरेशनच्या आधी आपल्याच आवाजात चाळीस वाक्यं बोलून ठेवायची. नंतर कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की एक वाक्य वाजतं. आवाज त्या प्रोग्रामच्याच पोटात राहतात, वेगळे काढून ठेवता येत नाहीत, हेही बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. इस्पितळात सगळ्यात शांत जागा म्हणजे मावशीचं कपडेघर. चादरींच्या थप्प्यांमध्ये बाहेरचा एक आवाज येत नसे. तिथे स्टुलावर बसून मास्तर दोन तास बोलला. कुठली वाक्यं घ्यायची यावरून दोघांचं भांडणही तिथेच झालं.

"'जेवलीस का?' हे कशाला?" मावशी म्हणाली. "वाढणारी मी. मी जेवले की नाही ते तुम्हाला दिसेलच की. एक जागा फुकट जाईल."

"जाऊ दे फुकट," मास्तर म्हणाला आणि बोलून मोकळा झाला.

सगळ्यात जास्त वाजायचं ते वाक्य मात्र दुसरंच होतं. "ब्रेक! टाकू नकोस ते." मावशी जुनी छत्री घेऊन दाराकडे निघाली की वाजलंच. वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला की वाजलंच. दिवसातून दहा वेळा ती त्या बटणाच्या नावाने बोटं मोडायची. पण आवाज त्याचा होता. शेजारच्या खोलीतून ऐकलं तर वाटायचं, माणूस अगदी धडधाकट आहे.

अशी सात वर्षं गेली. कॉम्प्युटर म्हातारा झाला. सकाळी सुरू केला की मावशीचं झाडून होईपर्यंत जागा व्हायचा नाही. आणि महिनाभर त्याच्यावर रोज एक पाटी झळकायची: नवीन सिस्टीम तयार आहे, घ्यायची का? मावशीला ते बघवेना. कुणीतरी रोज दारात उभं राहून विचारतंय आणि आपण उत्तर देत नाही, म्हणजे काय? एका शनिवारी मास्तर न्हाव्याकडे गेलेला असताना तिने 'हो' दाबून टाकलं.

संध्याकाळी नवीन सिस्टीम आली. दिसायला चकचकीत, पण त्या म्हाताऱ्या यंत्राला ती पेलेना. माऊस हलवला तर बाण घटकाभराने हलायचा. मास्तराचा प्रोग्राम तर उघडेचना. 'हा प्रोग्राम या सिस्टीमवर चालत नाही' एवढंच लिहून यायचं. मास्तराने चाळीसच्या चाळीस बटणं एकेकदा दाबून पाहिली. मग उठला आणि माळ्यावरची पाटी-पेन्सिल काढून आणली. मावशीला एक शब्द बोलला नाही, म्हणजे लिहिला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"होईल हो दोन दिवसांत. नवीन आहे, रुळायला वेळ लागतो," ती म्हणाली. जशी काही घरात सून आली होती.

कुठे काय रुळतंय! भाच्याने मोबाईलवर बोलणारा एक आवाज आणून दाखवला. गुळगुळीत, बातम्या देणाऱ्यासारखा. मास्तराने पाटीवर लिहिलं: "हा कोण? याला घराबाहेर काढा."

बुधवारी कॉम्प्युटरने नवीनच रडगाणं लावलं. जागा संपत आली आहे, नको असलेल्या फाइली काढायच्या का? आणि खाली यादी. यादीत चौकटी. आठ चौकटी, आठही रिकाम्या. आता सांगा, घडीमावशीसमोर आठ रिकाम्या चौकटी ठेवल्यावर दुसरं काय होणार? तिने वरून खालपर्यंत टकाटक खुणा केल्या. शेवटची ओळ सगळ्यात लांबलचक होती, 'आधीची सिस्टीम' असं काहीसं. तिच्यापुढची खूण तर तिने जरा ऐटीतच केली.

पाठीमागे मास्तराने टेबलावर तीनदा टकटक केलं.

"चहा ना? टाकते," मावशी मागे न बघताच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. चहा घेऊन आली तेव्हा मास्तर खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसला होता. तिने कप त्याच्या हातात दिला, वाकून 'साफ करा' दाबलं आणि पट्टी सरकताना बघत राहिली. "एवढा पसारा काढला आणि जागा झाली ती एवढीशी!" ती कुरकुरली.

रविवारी तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो परगावी लग्नाला गेला होता. तिकडूनच सावकाश, एकेक शब्द तोलत बोलला.

"कधी घेतलीत नवीन सिस्टीम?"

"शनिवारी. काल आठवडा झाला."

"मग मंगळवारी दहा दिवस होतायत. मंगळवारी सकाळी येतो. दहा दिवसांच्या आत परत जुन्यावर जाता येतं, मावशी. जुनी सिस्टीम एका कप्प्यात बांधून ठेवलेली असते. तुमचा प्रोग्रामही त्यातच असणार. फक्त एक करा, साफसफाई वगैरे काही करू नका. तो कप्पा पुसला की संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे मागे जायला रस्ताच राहत नाही."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. "हो, हो," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. आधीची सिस्टीम. शेवटची ओळ. ऐटीत केलेली खूण. आपण आपल्या हाताने या माणसाचा आवाज केराच्या टोपलीत टाकला, आणि वर त्याला चहा दिला!

मास्तर समोरच बसला होता. त्याने पाटी वर धरली: "काय म्हणाला?"

"मंगळवारी येतो म्हणाला. होईल म्हणाला."

बत्तीस वर्षांत एक अभ्रा हरवला तरी आपण होऊन वरिष्ठांना सांगायला जाणारी बाई ती. नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलली. सांगायला तोंड उघडायची, पण शब्द फुटायचे नाहीत. आता घरात दोन मुके झाले.

सोमवारचा दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. कॉम्प्युटरला हात लावायची हिंमत नव्हती. जवळून जाताना पदर आवरून जायची, न जाणो चुकून आणखी काही दाबलं जायचं. निदान चाळीस वाक्यं तरी कागदावर लिहून ठेवावीत म्हणून बसली. मूळ यादी शोधली, तर ती सहा वर्षांपूर्वीच टाकलेली, अर्थात तिनेच. आठवून आठवून एकोणतीस झाली. लिहिताना मनातल्या मनात त्याच्या आवाजात म्हणून बघायची. 'ब्रेक' ऐकू आलं. 'दार उघड, कुणीतरी आलंय' ऐकू आलं. 'जेवलीस का' काही केल्या ऐकू येईना. ते वाक्य वाजलं की ती नेहमी घाईत "हो हो" करायची, कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. आता डोळे मिटून बसली तरी त्या दोन शब्दांच्या जागी नुसती शांतता होती. मग ती घाबरली. खरंच, मनापासून घाबरली.

ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. मास्तराने पाटीवर लिहिलं: "काय झालंय?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

त्याने पाटी पुसली नाही.

मंगळवारी सकाळी दुरुस्तीवाला जिना चढताना दिसला, तशी मावशी चार पायऱ्या उतरून खाली गेली. इकडेतिकडे बघून त्याच्या कानाशी म्हणाली, "हे बघा, नाहीच जमलं, तर यंत्र जुनं होतं म्हणा. माझं नाव घेऊ नका."

"का, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही! पण घेऊ नका."

"बघू," तो म्हणाला. त्याचं सगळं 'बघू'वरच चालायचं.

वर येऊन तो बसला. यंत्र जागं व्हायला लागली अकरा मिनिटं, मावशीने घड्याळात मोजली. मग एक पान उघडलं, मग दुसरं. बाण रखडत रखडत चालला होता. तिला वाटलं, त्याच्या हातातून माऊस हिसकावून घ्यावा. मास्तर शेजारच्या खुर्चीवर पाटी मांडीवर घेऊन बसला होता. दुरुस्तीवाला स्क्रीनकडे वाकला.

"हं," तो म्हणाला.

"हं काय? अहो, हं म्हणजे काय?"

"आहे की. कप्पा आहे जागेवर. 'मागे जा'चं बटणही चालू आहे."

"असं कसं असेल?" मावशी एकदम ओरडली. "मी स्वतः खूण केली होती त्या चौकटीत! आठही चौकटींत केली होती! मी पुसून टाकलंय ते!"

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. दोन दिवस दातांखाली दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं होतं. दुरुस्तीवाला खाली माऊसकडे बघू लागला. मावशीने हळूच मास्तराकडे पाहिलं.

मास्तर रागावलेला नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याने उजवा पाय जरासा उचलला, पुढे नेला आणि जमिनीवर सावकाश दाबला.

मावशीला उमगायला क्षणभर लागला. टकटक. चहा. जवळ ओढलेली खुर्ची. पुसूनही न झालेली जागा.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मी चहा टाकत होते तेव्हा?"

त्याने पाटीवर लिहिलं: "सात खुणा राहू दिल्या. एक काढली. 'आधीची' लिहिलं होतं. म्हटलं असू दे."

"मग सांगायचं नाही का मला? दोन दिवस माझा जीव टांगणीला लागलाय!"

त्याने पुसून परत लिहिलं: "तू तरी कुठे सांगितलंस?"

दुरुस्तीवाल्याने 'मागे जा' दाबलं. "मध्ये वीज गेली तर मात्र कठीण आहे," तो सहज म्हणाला. दीड तास ती पंख्याकडे बघत बसली. पंखा फिरतोय म्हणजे वीज आहे. स्क्रीन दोनदा काळा पडला, दोनदा तिने खुर्चीचा हात गच्च धरला. मग जुना निळा रंग आला, जुनं रेंगाळणं आलं, आणि कोपऱ्यात मास्तराच्या प्रोग्रामचं चित्र.

"दाबा काहीतरी," दुरुस्तीवाला म्हणाला.

कुठल्या बटणावर कुठलं वाक्य, ते मास्तराच्या बोटांना पाठ होतं. मास्तराचं बोट 'ब्रेक'वर गेलं, तिथे थांबलं. मग त्याने स्वयंपाकघराच्या दारातून आत नजर टाकली, कालचं ताट अजून ओट्यावर झाकलेलं होतं. बोट खालच्या ओळीत उतरलं. त्या बटणावरचं अक्षर 'ब्रेक'च्या बटणासारखं पुसलं नव्हतं.

"जेवलीस का?" मास्तर म्हणाला. भरदार, मोठ्याने, कपडेघरातल्या चादरींमधून आल्यासारखा स्वच्छ आवाज. खोलीभर झाला.

"नाही हो," मावशी म्हणाली. "काल सकाळपासून नाही." आणि तिथेच मटकन बसून रडायला लागली.

दुरुस्तीवाला गडबडला. "फार मोठा लागलाय का? कमी करू आवाज?"

मावशीने पदराने डोळे पुसले.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसाच."