भोंग्याच्या काळजातली नळी

कंपनीतले किस्से आठवावे लागत नाहीत राव, दोन जुने लोक चहाला बसले की आपोआप निघतात! आमचे निघतात ते पिंपरीतल्या मागच्या शेडचे. सत्तरच्या दशकात मी तिथे टेक्निशियन होतो. कंपनी नाड्या आणि फिती विणायची. पण मागच्या शेडमध्ये एक डॉक्टर मॅडम प्रयोग करायच्या, त्या आमच्याच मागावर टेरिलीनच्या बारीक नळ्या विणून घेत. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, तर रक्त बाजूने वळवून न्यायला! आधी कुत्र्यावर प्रयोग, जमलं तर पुढे माणसावर.

नळी वाकली तरी दबू नये म्हणून मॅडम तिला मुद्दाम चुण्या पाडायच्या. पण मागावरचा माल इन्स्पेक्शनला जाणारच. तिथे तपासायला मूळचे कुरुळीचे साळुंके. दुसऱ्या दिवशी नळ्या परत आल्या, कडक इस्त्री करून!

"चुरगाळलेला माल आमी पास करत न्हाई, मॅडम!"

मग साळुंक्यांनी नळीत पाणी सोडून पाहिलं. सगळीकडून ठिबकायला लागली. साळुंके खूश. मॅडम म्हणाल्या, "ज्या कुत्र्याला बसवायची, त्याच्याच रक्तात तिला आधी भिजवायची. रक्त गोठतं, भोकं बुजतात."

साळुंक्यांनी मान डोलावली. "म्हंजी ज्याचं भांडं, त्याचीच कल्हई!"

कुत्रा ठरला तो आमचा लाडका भोंग्या. शिफ्टचा भोंगा वाजला की हा मान वर करून सूर लावायचा, म्हणून ते नाव. साळुंके त्याला रोज डब्यातली भाकरी घालायचे. त्यालाच टेबलावर घेणार म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

ऑपरेशन शेडमध्येच, खंडेनवमीला, कारण मशिनं बंद आणि वीज खात्रीची. साळुंके हळद-कुंकू घेऊन हजर. "आज हत्यारं पुजायची असत्यात, कातरी द्या."

"अहो, निर्जंतुक केलीय ती!"

शेवटी कुंकू शेडच्या दाराला लागलं आणि ते घरी गेले.

दसऱ्याला सकाळी भोंग्या डोळे उघडून पडलेला. पाण्याला तोंड लावेना, हाकेला कान हलवेना. आम्ही सगळे धास्तावलो होतो. मॅडम एकदम उठल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "भोंगा वाजवा!"

सुट्टीच्या दिवशी भोंगा! आग लागली की काय म्हणून पिंपळे गुरवपर्यंतची माणसं गेटवर धावत आली. नवे कपडे, कपाळाला गंध, हातात आपट्याची पानं. साळुंके सगळ्यात पुढे. "काय झालं? भोंग्या कसा हाय?" मी काही बोलणार, तेवढ्यात शेडमधून आवाज आला. आधी बारीक, मग लांबलचक सूर!

साळुंक्यांनी डोळे पुसले, हातातली पानं माझ्या हातात कोंबली आणि गेटवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले,

"माल पास!"