जानेवारीतली घोरपड

या पेजवरचे भुताखेतांचे किस्से मी वाचते ते निव्वळ टाइमपास म्हणून… विश्वास शून्य. माझा विश्वास प्राण्यांच्या सवयींवर. कराडला शाळेत होते तेव्हापासून साप, सरडे, पाली बघतेय, आणि लग्नानंतर दिल्लीत आल्यावर त्यांचे फोटोही काढायला लागले. माझ्या नवऱ्याला, शिरीषला, यातलं काहीही आवडत नाही. केंद्र सरकारी नोकरी, रविवारी सुट्टी… माझ्यासाठी गाडी चालवतो आणि पेपर वाचत बसतो, बस.

गेल्या जानेवारीतला रविवार. सकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून निघालो तेव्हा समोरची गाडी दिसत नव्हती इतकं धुकं. फरिदाबादच्या बाजूला अरवलीत एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिथे पोचलो. अशा थंडीत घोरपडी बाहेर येतच नाहीत. अंग थंडगार पडतं, हलता येत नाही, बिळात पडून राहतात. मी फक्त बिळांच्या जागा हेरून ठेवायला गेले होते, उन्हाळ्यासाठी.

परत वळले, तर शिरीष दगडावर बसलेला, मांडीवर पेपर, आणि त्याच्या बुटाला टेकून एक घोरपड. चांगली मोठी, पूर्ण वाढलेली.

"शिरीष, हलू नकोस," मी हळूच म्हटलं.

"कशाला हलू? केव्हाची बसलीय." आणि त्याने सरळ तिच्या पाठीवर हात ठेवला! मी ओरडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "अगं यार, गरम आहे ही. ताप आल्यासारखी."

शक्यच नाही! पण तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती — थंडीत आपल्या नाकातून निघते तशी. मी स्वतः बघितली.

भीती नंतर वाटली. आधी झाला तो जळफळाट. इतकी वर्षं मी काट्याकुट्यांत पोटावर पडून राहिले आणि घोरपडींनी मला कायम शेपटीच दाखवली. आणि ज्याला पाल आणि सरडा यांतला फरक कळत नाही, त्याच्या पायाशी ही डोळे मिटून बसलेली!

कसाबसा एक फोटो घेतला आणि पाऊल पुढे टाकलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश धुक्यात निघून गेली. ती बसली होती तिथे मी हात टेकवला. माती कोमट होती.

फोटोत बूट आहे, घोरपड आहे, वाफही आहे. आमच्या प्राणी बघणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका जाणकारांना दाखवला. "मॅडम, धुंध है," म्हणाले. म्हणजे वाफ नाही, धुकं.

यंदा थंडी पडल्यावर एका रविवारी जाग आली, तर शिरीष मफलर गुंडाळून दारात.

"तू झोप. थंडी आहे."

दुपारी परतला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं… तरी विचारलंच, "दिसली?"

बूट काढता काढता तो म्हणाला, "सांगितलं तर तू कॅमेरा घेऊन येशील."

जानेवारीत घोरपड गरम कशी, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि ती त्याच्याकडेच का गेली, हे तर कुणाला विचारताही येत नाही.