बघून ठेवलंय

मिस्त्रीनं उभ्या जन्मात कागद जपला नाही. प्लॅनचा कागद हातात आला की तो जमिनीवर उलगडायचा, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायचा, उकिडवा बसायचा आणि बघत राहायचा. शेजारी ठेवलेला चहा निवेपर्यंत. मग कागदाची घडी घालून साहेबाच्या हातात परत. साहेब म्हणायचे, "राहू दे तुझ्याकडं." मिस्त्री म्हणायचा, "बघून ठेवलंय."

आपल्या बोलण्यात हे दोन शब्द जोडीनंच चालतात. दुकान बघून ठेव, रस्ता बघून ठेव, आणि कुणाला धमकी द्यायची तरी "तुला बघून ठेवलंय". बघितलं की ठेवलं गेलं, असं आपण धरूनच चालतो. मिस्त्रीच्या बाबतीत ते खरंही होतं. मोरीचा उतार कुणीकडं, पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय, खिडकी जमिनीपासून किती उंच, हे त्याच्या डोक्यात बसलेलं असायचं. घर बांधून वर्षं झाली तरी लोक खिळा ठोकायच्या आधी त्याला फोन करायचे. हा जेवता जेवता सांगायचा, "दाराच्या वर वीतभर सोड आणि मार. खाली मारलास तर वायर जाईल." कामावरची माणसं त्याला कॅमेरा म्हणायची.

मग कागद गेले आणि लिंक आली.

तेव्हा एका दवाखान्याचं बांधकाम चाललं होतं. कामावर देखरेखीला एक तरुण इंजिनीअर होती, सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं मिस्त्रीला समजावलं, "लिंकवर बोट दाबायचं, प्लॅन उघडतो. फोनमध्ये उतरवून घेता येत नाही, ऑफिसनं तसं बंद केलंय. नुसतं बघायचं."

"मग माझ्यासारखंच की," मिस्त्री म्हणाला. त्याला ते आवडलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक आडभिंत घालायची होती आणि त्या भिंतीत एक दार. त्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन सिमेंटच्या घमेल्यात पडून दुरुस्तीला गेला होता. मॅडमनं लिंक मिस्त्रीणीच्या फोनवर पाठवली. मिस्त्रीण घरी शिवणकाम करायची. तिनं प्लॅन उघडून फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि परत मशीनवर बसली. मिस्त्रीनं चहा निवेपर्यंत बघितलं.

"झालं?"

"बघून ठेवलंय."

तिनं फोन उचलून बाजूला टाकला. तिच्या फोनात उघडलेलं काही बंद व्हायचंच नाही. बाहीचं कटिंग, गुडघ्याचं दुखणं, उद्याचं हवामान, सगळी दारं सताड उघडी. मिस्त्री म्हणायचा, "तुझा फोन म्हणजे बिनमालकाचं घर." ती म्हणायची, "तुम्हाला काय त्याचं? वारा लागतोय का?"

भिंत उभी राहिली. दाराची चौकट डाव्या अंगाला बसवली, गुण्या लावला, ओळंबा सोडला, सगळं काटकोनात. आठवड्यानं मॅडम आली, भिंतीसमोर मान तिरकी करून उभी राहिली.

"मिस्त्री, चौकट इकडं कशी? उजवीकडं आहे ना?"

"डावीकडं आहे."

मॅडमनं वाद घातला नाही. मिस्त्रीचा फोन एव्हाना दुरुस्त होऊन आला होता. तिनं त्यावर लिंक टाकली, मिस्त्रीनं बोट दाबलं. प्लॅन उघडला. दार उजवीकडं होतं.

"ही तीच लिंक आहे का?"

"तीच. मी दुसरी पाठवलीच नाही."

ती खोटं बोलत नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. त्यानं फोन खिशात घातला, घण आणला आणि भिंत पाडली. बिगाऱ्यांना हात लावू दिला नाही. विटा साफ करून एका बाजूला रचल्या. हात आपलं आपलं काम करत होते. राग आला नाही, लाजही वाटली नाही. पाय बधिर झाला की आपलाच पाय दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याला खांद्यावरचं डोकं वाटत होतं.

मेहुणा त्याच्याच हाताखाली विटा आणि सिमेंटचा माल पुरवायचा. तो म्हणाला, "दाजी, कॅमेऱ्यात रीळ घालायचं राहिलं होतं का?" सगळे हसले. मिस्त्री विटा रचतच राहिला, तेव्हा मेहुण्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

मिस्त्रीचा बाप, आप्पा, तोही गवंडीच. त्याचं डोकं गेलं त्याची सुरुवात अशीच एका दारापासून झाली होती. त्यानं एक चौकट उलटी बसवली, दार आत उघडायचं ते बाहेर उघडायला लागलं. तेव्हाही सगळे हसले होते. पुढं आप्पा जेवताना ओळंबा मागायचा, ताट लेव्हलमध्ये नाही म्हणायचा, उशा एकावर एक रचून बोटानं सांधे भरायचा. शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला म्हणायचा, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तिनं पहिल्यांदा उत्तर दिलं. नंतर देणं सोडलं.

मिस्त्रीनं हे कुणाजवळ काढलं नाही. पण बोलायचा कमी झाला. घराला कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघायचा. वीट लावली की सूत पुन्हा धरायचा. लोकांचे खिळ्यासाठी फोन आले तर म्हणायचा, "दुसऱ्या कुणाला तरी विचारा." एका दुपारी तो मेहुण्याला म्हणाला, "ही भिंत पुन्हा उभी राहिली की थापी तू धर. मी तुला माल कालवून देईन."

"ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

"मॅडमला सांगितलंय मी."

मेहुण्यानं हातातलं खोरं खाली ठेवलं. दाजी गंमत करत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. थापी हाती घ्यायची त्याला फार दिवसांची हौस होती, पण अशी नव्हे.

घरी मिस्त्री बायकोला म्हणाला, "मला काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. मला आठवतंय का ते बघायचंय."

मिस्त्रीणीनं दोरा दातानं तोडला. "आपल्या लग्नात माझ्या भावानं तुम्हाला काय दिलं?"

"घड्याळ. बंद पडलेलं."

"मग डोक्याला काय झालंय? डोकं शाबूत आहे."

"आप्पांनाही जुनं सगळं आठवायचं," मिस्त्री म्हणाला.

तिनं मशीन सुरू केलं आणि बराच वेळ एकाच शिवणीवरून टाके घातले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी वीज गेली, तिच्यामागं फोनची रेंजही गेली. मिस्त्रीणीला कॉलरचं कटिंग हवं होतं. ते पान फोनात आधीच उघडलेलं होतं, पण शंभर पानांच्या गर्दीत. तिनं फोन मिस्त्रीच्या हातात दिला. "माझा चष्मा सापडत नाहीये. तेवढं कॉलरचं काढून द्या."

मिस्त्री एकेक पान बाजूला सारत गेला. बाही गेली, गुडघा गेला, हवामान गेलं. मग आडभिंत आली.

दार डावीकडं होतं.

तो बघत बसला. मग म्हणाला, "इकडं ये. हे दार कुठल्या बाजूला आहे?"

ती वाकली, डोळे बारीक केले. "डावीकडं."

"डावा हात कुठला तुझा?"

"कात्री धरत नाही तो. काय लावलंय हे?"

त्यानं आपला फोन काढला. त्यात मागं उघडलेलं पान तसंच होतं, दार उजवीकडं. दोन्ही फोन मांडीवर शेजारी ठेवले. खाली कोपऱ्यात प्लॅन कितवा त्याचा बारीक आकडा होता, तिच्या फोनात एक, त्याच्या फोनात दोन. आता त्याला उलगडा झाला. ऑफिसात कुणीतरी दार हलवलं होतं. जुना प्लॅन पुसून त्याच लिंकवर नवा ठेवला होता, आणि कुणाला सांगायची गरज वाटली नव्हती. मॅडमलाही नाही. तिच्या फोनात दार पहिल्यापासून उजवीकडंच उघडलं असणार.

पंखा फिरायला लागला. वीज आली, रेंज आली. सिमेंटनं खरबरीत झालेला अंगठा मिस्त्रीणीच्या फोनवरून नुसता खाली घसरला, एक गोल चक्र फिरलं आणि पान पुन्हा उघडलं. आता दोन्ही फोनांत दार उजवीकडं होतं.

दोघं बघत राहिली.

"फोटो काढून ठेवायला हवा होता," मिस्त्रीण म्हणाली.

"हं."

"मॅडमला फोन करा. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू? माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणून?"

"चूक त्यांची आहे म्हणून सांगा."

"आणि दाखवू काय?"

"मी बघितलंय ना."

मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं. "ठेवलंस?"

"ठेवलंय," ती म्हणाली. "आता ती कॉलर काढा."

त्यानं कॉलर काढून दिली. आपलं डोकं गेलेलं नाही हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला वाटलं, मागून काहीतरी येईल. हलकं वाटेल, हसू येईल, निदान शिवी तरी येईल. तो थोडा वेळ थांबला. काही आलं नाही. मग तो उठला, ओट्यावरचं पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

मागची भिंत सुट्टीआधीच पुरी झाली होती. दुसऱ्या दिवशी कामावर मेहुणा आधीच येऊन थापी हातात घेऊन उभा होता, नवऱ्या मुलासारखा. मिस्त्रीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"दाजी, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"माल कालव."

"म्हणजे थापी काही सोडत नाही तुम्ही?"

"पातळ करू नकोस."

मेहुण्यानं घमेलं ओढलं. तोंड पाडून, पण खोरं मात्र नेहमीपेक्षा जोरात चाललं.

मॅडमनं वरच्या मजल्याची लिंक टाकली होती. जिना चढता चढता तिनं वरूनच विचारलं, "मिस्त्री, बघून ठेवलं का?"

मिस्त्री उकिडवा बसून फोनकडं बघत होता. चहा कधीच निवला होता.

"बघितलं," तो म्हणाला.

मॅडम पुढं निघून गेली. त्या एका शब्दात काय कमी होतं, हे तिला कळायचं कारण नव्हतं. मिस्त्रीनं अंगठ्यानं पान खाली ओढलं, चक्र फिरू दिलं आणि पुन्हा बघितलं. दार जागेवर होतं. मग वर जाऊन त्यानं सूत बांधायला घेतलं. पहिला थर संपला तेव्हा हात पुसून त्यानं परत फोन काढला.