रिकाम्या खाचेचं मशीन

अंगात येणं, करणी, उतारा... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही न्हाय. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचून वाचून शिकले. तरी सांगते, कारण माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. लोहाऱ्याजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत आमचे हे कारकून. दुष्काळानं गिरणीची विहीरसुद्धा आटलेली, निम्मे कामगार घरी बसलेले. तशात तिथं कॉम्प्युटर आला, आणि तो ह्यांच्याकडं दिला. त्याला एक पातळ फ्लॉपी लागायची. ती खाचेत घातल्याशिवाय मशीन जागंच व्हायचं न्हाय.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा असते. ह्यांनी भक्तीनं फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहिलं... नेमकं तिच्या उघड्या फटीत! झालं, दसऱ्यानंतर मशीन उठेना.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "नैवेद्य दाखवायचा ऱ्हायला का? सोमवारी चालू झालं न्हाय, तर तुम्ही घरी."

दुसरी फ्लॉपी बनवायला चालू मशीन पाहिजे. हे सोलापूरला जाऊन आले, तिथं तसलं मशीनच न्हाय.

रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. गिरणी बंद. मशीनचं बटण चालू, पडदा काळा, आणि हे कोरी फ्लॉपी धरून नुसते बसलेले. खाच रिकामी – मी वाकून बघितली होती.

"अहो, दोन घास खा."

"भूक न्हाय गं."

तेवढ्यात घर्रर्र... पडद्यावर हिरवी अक्षरं!

"अगं, आत तर काहीच न्हाय..."

"मग कोरी घाला की लवकर!"

घातली. ह्यांनी फ्लॉपी बनवायचा हुकूम टाइप केला. लाल दिवा लुकलुकला, फ्लॉपी तयार झाली. किती दिवसांनी हसले! भाकरीही खाल्ली.

सोमवारी मीही डबा घेऊन ह्यांच्याबरोबर गेले. ह्यांनी साहेबांसमोर तीच फ्लॉपी घातली. पडदा काळा तो काळाच. ह्यांनी सगळं सांगितलं.

"रिकाम्या मशीननं फ्लॉपी बनवली? उद्या कोरड्या विहिरीत पोहाल!"

मी पुढं झाले. "साहेब, म्या बघितलंय."

"बाई, तुम्ही डबा सांभाळा."

नोकरी गेली. हे रोजगार हमीवर खडी फोडायला लागले. उन्हाळ्यात पुन्हा साहेबांकडं गेले, हात जोडून म्हणाले, "तसं काही झालंच नव्हतं. डोकं फिरलं होतं माझं." तरी घेतलं न्हाय.

घरी आल्यावर मला म्हणाले, "तूही विसर आता."

पुढं कधी हा विषय निघाला न्हाय. हे गेले त्यालाही वर्षं झाली. ते मशीन कशानं उठलं, मला आजवर उमगलं न्हाय... आणि उठलं होतं म्हणणारी आता मी एकटीच उरले.